डॉक्टरांचा डगला

माझा रक्तदाब घरी असला की अगदी सालस असतो. मेहुण्याने दिवाळीत भेट दिलेल्या यंत्रावर तो एकशेवीस-ऐंशीच्या पुढे सरकत नाही. हिच्या माहेरची माणसं चार दिवस मुक्कामाला आली होती तेव्हासुद्धा मी मुद्दाम मोजून पाहिला. एकशेबावीस! पण हाच रक्तदाब दवाखान्याची पायरी चढला की त्याच्या अंगात येतं. डॉक्टर आपला पांढरा कोट सारखा करतात, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळतात, फुसफुस हवा भरतात आणि भुवया वर नेतात. त्या भुवया पाहूनच आणखी दहा वाढत असावेत.

"एकशेपंचावन्न. घरी किती असतो?"

"एकशेवीस."

"कोण मोजतं?"

"मीच."

'पैसे भरले होते हो, पण पावती हरवली' असं म्हणणाऱ्या खातेदाराकडे मी काउंटरवरून ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "घाबरू नका. हा रक्तदाब तुमचा नाही, माझ्या कोटाचा आहे."

हा विनोद नव्हता. १९८३ साली इटलीतल्या मिलान शहरात काही डॉक्टरांनी रुग्णांचा रक्तदाब सतत नोंदवत ठेवला आणि मग डॉक्टर नुसते खाटेजवळ पाठवून दिले. डॉक्टर आले की पारा सरासरी पंचवीसहून अधिक अंशांनी वर! डॉक्टर गेले की हळूहळू खाली. या दुखण्याला आता 'पांढऱ्या कोटाचा रक्तदाब' असं रीतसर नाव आहे.

"मग कोट काढून मोजा ना!" मी म्हणालो.

"कोट काढला तर तुम्ही मला डॉक्टर मानाल का?" डॉक्टर म्हणाले, "आणि फी द्याल का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फी मात्र दिली.

घरी येताना डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा कोट आला कुठून? आणि तो पांढराच का? मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, आणि तो निकाल पाहता इतिहासालाही त्याचं फारसं दुःख झालं नसावं. पण मी बँकेतला कारकून आहे. नोकरीच्या सुरुवातीला अकरा पैशांचा फरक शोधायला रात्री दहापर्यंत लेजरं उपसलेला माणूस आहे मी. खात्यात एखादी नोंद दिसली की तिचं व्हाउचर सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. तेव्हा या कोटाचं व्हाउचर शोधायला बसलो.

आमच्या लहानपणीच्या डॉक्टरांना कोट नव्हताच. घराच्या ओसरीवर दवाखाना. डॉक्टर लेंग्यावर हाफ शर्ट घालून बसायचे. पांढरा कोट होता तो कंपाउंडरला, कारण लाल औषधाचे डाग त्याच्या अंगावर पडायचे. त्यामुळे गावात नवीन आलेले लोक थेट कंपाउंडरपुढे बसून जीभ बाहेर काढत. कंपाउंडरही माणूस मोठा सभ्य. तो ती जीभ नीट बघायचा, 'हं' म्हणायचा आणि मगच सांगायचा, "डॉक्टर आत आहेत." कपड्याला किती किंमत असते हे मला पहिल्यांदा त्या ओसरीवर कळलं.

पण तसा पांढऱ्या कपड्याचा दाखला आपल्याकडेच फार जुना आहे. सुश्रुताने आपल्या संहितेत वैद्याने रोग्याकडे जाताना कसं जावं हे सांगून ठेवलं आहे. नखं आणि केस कापलेले असावेत, अंग स्वच्छ असावं, वस्त्रं पांढरी असावीत, हातात काठी आणि छत्री असावी, पायात पादत्राण असावं आणि वेष भपकेबाज नसावा. हे वर्णन वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वैद्य उभा राहिलाच नाही. पहिल्या तारखेला पेन्शन घ्यायला येणारे आमचे जुने खातेदार उभे राहिले. काठी, छत्री, पांढरा शर्ट आणि चपला, सगळं जसंच्या तसं. औषध तेवढं ते न विचारता सांगतात.

युरोपात मात्र सतराव्या शतकात वेगळाच प्रकार झाला. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा वैद्य शार्ल द लॉर्म याने १६१९ च्या सुमारास प्लेगच्या डॉक्टरांसाठी एक पोशाख योजला असं सांगतात. नखशिखान्त मेण लावलेला पायघोळ डगला, हातमोजे, टोपी, डोळ्यांवर काचा, हातात रोग्याला लांबूनच ढोसायला काठी, आणि नाकाच्या जागी लांब चोच! या चोचीत सुगंधी वनस्पती आणि मसाले ठासून भरायचे. कारण त्या काळी रोग घाणेरड्या हवेतून येतो अशी समजूत होती. वास आला नाही म्हणजे रोग आला नाही, असा हिशेब.

आता कल्पना करा. आधीच माणूस तापाने फणफणला आहे, वात झाला आहे, आणि दारातून हा पाच फुटी बगळा काठी घेऊन आत येतो. अशा वेळी रक्तदाब किती चढत असेल हे मिलानच्या डॉक्टरांनी सांगावं. बिचारा रोगी प्लेगने जाण्याआधी भीतीनेच जात असेल.

गंमत अशी, की प्लेग पसरवणारी खरी गुन्हेगार होती उंदरावरची पिसू. हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधून काढलं. म्हणजे चोचीतला मसाला निव्वळ वाया गेला. काही उपयोग झाला असेल तर तो पिसवांना आत शिरू न देणाऱ्या त्या मेणचट डगल्याचा. पण डगल्याला कोणी विचारलं नाही. नाव झालं ते चोचीचं. आमच्या बँकेतही काम करणारा एक आणि बढती मिळणारा दुसरा असं नेहमी होतं, त्याचं मूळ इतकं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

एक मात्र लक्षात ठेवा. हा पोशाख डॉक्टरला रोग्यापासून वाचवण्यासाठी होता. डॉक्टरपासून रोग्याला वाचवायला हवं, हे अजून कोणाच्या गावीही नव्हतं.

पुढे चोच गेली आणि एकोणिसाव्या शतकात काळा कोट आला. डॉक्टर म्हणजे प्रतिष्ठित गृहस्थ, आणि प्रतिष्ठित गृहस्थ काळ्या लांब कोटात शोभतो. शल्यचिकित्सकांचा तर शस्त्रक्रियेसाठी खास राखलेला जुना कोट असे. शस्त्रक्रिया झाली की तो खुंटीला टांगायचा, पुढच्या रोग्याला पुन्हा चढवायचा. धुवायचा म्हणून नाही. रक्त आणि पू वाळून वाळून तो कडक होई. कोट जितका कडक तितका डॉक्टर अनुभवी! मला आमचे एक जुने हेडक्लार्क आठवले. त्यांच्या शर्टाच्या खिशावर शाईचा तळहाताएवढा डाग होता. तो त्यांनी कधी धुऊ दिला नाही. 'सव्वीस वर्षांची सर्व्हिस आहे ही,' म्हणायचे. पण त्यांच्या डागाने खातेदार मरत नव्हते.

इथे मात्र मरत होते. व्हिएन्नाच्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी बाळंतपणं करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. बायका हातापाया पडून 'आम्हाला सुइणींकडे घाला' म्हणत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आलं, की हे विद्यार्थी सकाळी मुडदे फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. १८४७ च्या मे महिन्यात त्याने फर्मान काढलं: क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका मरत होत्या. उन्हाळा सरेपर्यंत तो आकडा दोनच्या आसपास आला.

तुम्हाला वाटेल, त्याचा सत्कार झाला असेल. छे! वरिष्ठ मंडळी खवळली. सद्गृहस्थाचे हात घाणेरडे आहेत असं म्हणायची या पोराची हिंमत कशी झाली? मी वीसेक वर्षं नोकरी केली आहे. चूक दाखवून देणाऱ्या ज्युनियरचं काय होतं हे मला कोणी सांगायला नको. झेमेलवाइसची नोकरी गेली, डोकं बिघडलं, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून तो गेला. तारीख होती १३ ऑगस्ट १८६५.

आणि आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, तिकडे ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनपुढे जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा पोरगा आला. गाडीचं चाक जाऊन त्याचं पायाचं हाड मोडून बाहेर आलं होतं. असा पाय तेव्हा कापूनच टाकायचा. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवल्या. सहा आठवड्यांत पोरगा दोन पायांवर चालत घरी गेला. एका वहीची पानं संपावीत आणि शिल्लक पुढच्या वहीत ओढावी, तसा हा एका दिवसाचा फरक आहे. फक्त ही शिल्लक पुढे ओढली गेली आहे हे त्या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

हा लिस्टर स्वतः मात्र बरीच वर्षं जुन्या कोटातच शस्त्रक्रिया करीत होता. जंतू मारायचे ते औषधाने. कोटाचा काय संबंध? मोठ्या माणसांचंही असं होतं. व्याजाची आकडेमोड बिनचूक करतात आणि बेरीज चुकतात.

काळ्याचा पांढरा केव्हा झाला, त्याचे दोन फोटो—म्हणजे चित्रं—आहेत. दोन्ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली, दोन्ही टॉमस ईकिन्स नावाच्या चित्रकाराची. पहिलं १८७५ चं. प्रोफेसर ग्रॉस विद्यार्थ्यांपुढे एकाच्या मांडीची शस्त्रक्रिया करताहेत. अंगात काळा कोट, मदतनिसांच्या अंगात काळे कोट, हातात रक्ताने माखलेली सुरी. बाजूला एक बाई, रोग्याची आईच असावी असं म्हणतात, तोंड झाकून बसली आहे. आणि मागे एक कारकून शांतपणे वहीत नोंद करीत बसला आहे. हे पाहून मला भरून आलं. इकडे मांडी कापली जातेय, तिकडे आई रडतेय, पण कारकुनाने मान वर केलेली नाही! आमच्या पेशाचं इतकं खरं चित्र दुसऱ्या कोणी काढलेलं नाही.

दुसरं चित्र १८८९ चं. प्रोफेसर ॲग्न्यू आणि त्यांचे मदतनीस, सगळे पांढऱ्याशुभ्र झग्यांत. शेजारी टोपी-ॲप्रन घातलेली नर्स ताठ उभी. चौदा वर्षांत काळ्याचं पांढरं झालं. बँकेत याच्या उलट करतात म्हणून लोक तुरुंगात जातात. इथे त्यामुळे माणसं वाचली.

आणि या दोन चित्रांच्या बरोबर मध्ये, त्याच फिलाडेल्फियात, आमच्या कल्याणची एक मुलगी डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी. मी कल्याणला राहतो, म्हणून 'आमच्या' म्हणायचा हक्क सोडत नाही. जन्मतारीख ३१ मार्च १८६५. वर्षअखेरीची तारीख! बँकेतला माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल पण ही तारीख विसरणार नाही. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी बोटीने निघाली आणि ११ मार्च १८८६ ला तिथल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाली. तिथले प्रोफेसर काळ्यातून पांढऱ्यात यायच्या बेतात होते; ही मात्र लुगड्यात. १८८५ चा एक फोटो आहे. एक जपानची, एक सीरियाची आणि मध्ये... मध्ये की कडेला याच्याशी आपल्याला काय करायचंय, पण आमची आनंदी साडी नेसून, तिघीही आपापल्या देशाच्या कपड्यांत. फोटोकडे बघत राहिलं की कळतं, डॉक्टर व्हायला कोट लागत नाही.

पण फिलाडेल्फियातली थंडी हाडं फोडणारी, आणि लुगडं शिवलेलं असतं ते कल्याणच्या हवेच्या हिशेबाने. म्हणजे शिवलेलंच नसतं. तब्येत ढासळली, क्षयाने धरलं. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर नेमणूक झाली होती, पण रुजू व्हायलाच मिळालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना होता. तो ३१ मार्च यायचा होता. दर वर्षी क्लोजिंगच्या रात्री सगळे आकडे जुळून चहा आला, की मला एकदा तरी तिची आठवण होते. हा हिशेब काही जुळत नाही.

दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आला. तेव्हा सावित्रीबाई फुले साध्या लुगड्यातच रोग्यांना उचलून मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यांना ना चोच होती, ना मेणाचा डगला. १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने त्यांना नेलं. अंगावर काय घातलंय हा इतिहास लिहायला घेतला, तर काही पानांवर 'काही नाही' अशीच नोंद करावी लागते, आणि तीच पानं सगळ्यांत वजनदार निघतात.

हातमोज्यांची कथा मात्र गोड आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात विल्यम हॉल्स्टेड नावाचे बडे सर्जन होते. त्यांच्या हाताखाली कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची नर्स. हात ज्या औषधात बुडवायचे त्यात पारा होता. त्याने तिच्या हातांची आग व्हायला लागली, कातडी सोलायला लागली. ती नोकरी सोडते की काय! हॉल्स्टेडसाहेबांनी गुडइयर रबर कंपनीला पत्र घालून पातळ रबरी हातमोज्यांचे जोड करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. लग्नानंतर बाईंनी शस्त्रक्रियेचं काम सोडलं, पण हातमोजे मागे राहिले. मग हाताखालची मंडळी ते घालू लागली आणि काही वर्षांनी ध्यानात आलं, की हातमोजे घातले तर रोग्यांच्या जखमाही कमी चिघळतात! म्हणजे इतकी वर्षं एवढ्या हुशार माणसाला रोग्यासाठी हातमोजे सुचले नाहीत, ते नर्ससाठी सुचले. विज्ञानाची प्रगती नेहमी विज्ञानानेच होते असं नाही.

हे मी हिला कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मी सतरा वर्षं भांड्यांची पावडर वापरतेय. माझ्या हातांकडे बघून तुम्हाला नाही कधी काही सुचलं!" तेव्हापासून मी हा किस्सा घराबाहेरच सांगतो.

तोंडावरचा मास्क आला १८९७ मध्ये. ब्रेस्लाऊच्या मिकुलिच नावाच्या सर्जनने तोंडाला जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया सुरू केली. बोलताना तोंडातून तुषार उडतात आणि त्यांतून जंतू, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण मास्कची खरी परीक्षा झाली ती मांचुरियात, १९१०-११ च्या प्लेगमध्ये. हा प्लेग फुप्फुसांचा, श्वासातून पसरणारा. सरकारने वू लिएन-तेह हा तिशीतला डॉक्टर पाठवला. त्याने कापूस आणि जाळीचं कापड यांचे थर करून मास्क बनवला आणि सगळ्यांना सक्ती केली. तिथे मेस्नी नावाचे एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर आले. त्यांना हे काही पटेना. कालचा पोरगा मला शिकवणार? ते तसेच, उघड्या तोंडाने वॉर्डात गेले. थोड्याच दिवसांत ते प्लेगने गेले. त्या साथीत साठ हजारांच्या आसपास माणसं मेली. सिनियॉरिटी लिस्ट जंतू वाचत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

नर्सच्या पोशाखाचं मूळ जोगिणींच्या मठात आहे. पूर्वी रोग्यांची सेवा त्याच करीत. म्हणून आजही आपण 'सिस्टर' म्हणतो, आणि डोक्यावरच्या त्यांच्या ओढणीचीच पुढे टोपी झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये अडतीस जणींना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. त्यांना राखाडी लोकरी झगे होते आणि 'स्कुटारी हॉस्पिटल' असं लाल दोऱ्याने भरलेला पट्टा. चारचौघीत ओळखू याव्यात आणि शिपायांनी वाकड्या नजरेने बघू नये, यासाठी. टोपी मात्र पुढे लहान लहान होत गेली. आमच्या लहानपणी ती केसांत पिन लावून ठेवलेल्या कागदी होडीएवढी उरली होती. ती होडी आणि पांढरा फ्रॉक दिसला की आम्ही पोरं आधी कमरेवर हात ठेवत असू, चड्डी सांभाळायला.

मग पांढऱ्यावरही संकट आलं. पांढरे कपडे, पांढऱ्या भिंती, वर झगझगीत दिवे. सर्जनचे डोळे दिपायला लागले. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शेर्मन या सर्जनने शस्त्रक्रियेच्या खोलीत पालकाचा हिरवा रंग आणला. त्यातली मेख अशी, की लाल रंगाकडे एकटक पाहून एकदम पांढऱ्याकडे पाहिलं तर तिथे हिरवट डाग नाचतात. कपडाच हिरवा असला तर तो डाग त्यात जिरतो. मी हा प्रयोग घरी केला. हिच्या लाल साडीकडे अर्धा मिनिट टक लावून पाहिलं. "नवीन नाहीये," ही ताबडतोब म्हणाली, "सात वर्षांपूर्वीची आहे." मी भिंतीकडे वळलो. डाग खरंच हिरवा होता.

आणि शेवटी पांढऱ्या कोटावर तीच पाळी आली जी काळ्यावर आली होती. २००७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने ठरवलं, की रोग्याला तपासताना डॉक्टरचे हात कोपरापासून खाली उघडे हवेत. लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, टाय लोंबता नको. बाही या रोग्याला लागते, मग त्या रोग्याला लागते. म्हणजे स्वच्छतेची खूण म्हणून आलेला कोटच घाणीचा संशयित ठरला. आपल्याकडे मेडिकलची पोरं ॲप्रन घालून टपरीवर वडापाव खाताना दिसतात. तो ॲप्रन पुन्हा वॉर्डात जातो आणि त्याच्यावरची चटणीही. एकोणिसाव्या शतकातला तो कडक काळा कोट मला तिथे खुंटीवर लटकलेला दिसतो.

इथपर्यंत आलो आणि माझं व्हाउचर सापडलं असं मला वाटलं. पण एक नोंद राहिली आहे. ती माझ्या घरची आहे.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आमचे अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, इस्पितळात. आम्हाला आत सोडत नव्हते. पहिल्या मजल्याच्या काचेतून दिसायचं ते एवढंच: खाटांची रांग आणि त्यांच्यामधून फिरणारी पांढरी भुतं. पीपीई किट. डोक्यापासून पायापर्यंत बंद, डोळ्यांवर काचा, त्या काचांवर वाफ. चारशे वर्षांनी तो चोचवाला डॉक्टर परत आला होता, फक्त चोच आखूड झाली होती. मे महिन्याच्या तोंडावर, त्या प्लॅस्टिकमध्ये सहा-सहा तास. पाणी नाही, घोटभर चहा नाही. कोण डॉक्टर, कोण सिस्टर, कोण वॉर्डबॉय, काही कळायचं नाही. म्हणून ते एकमेकांच्या पाठीवर मार्करने नाव लिहीत.

अण्णा संध्याकाळी फोनवर बोलायचे. दोन वाक्यांनंतर धाप. एकदा म्हणाले, "इथे एक मुलगी आहे. 'आजोबा, पालथे झोपा' म्हणते. छत्तीस वर्षं पालथ्या घड्यांवर पाणी ओतलं रे, आता मीच पालथा झालो." आणि हसले. ते हसले म्हणून मी जिना उतरून घरी जाऊ शकलो.

"नाव काय तिचं?"

"पाठीवर लिहिलंय. घामाने पुसलं गेलंय. 'सु' एवढंच वाचता येतं."

रात्री दोनला ऑक्सिजनची नळी निसटली तेव्हा ती लावली 'सु'ने. तोंडात चमच्याने पेज घातली 'सु'ने. शेजारची खाट रिकामी झाली त्या रात्री अण्णांचा हात धरून उभी राहिली तीही 'सु'. आमच्या बँकेत नवीन खातं उघडायचं तर फोटो लागतो, आधार लागतं, पॅन लागतं, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. अण्णांनी आपला जीव एका अक्षराच्या ओळखीवर ठेवायला दिला होता. आणि तो सतरा दिवसांनी परत मिळाला, व्याजासकट.

जुलैत दुकानं उघडल्यावर मी पेढे घेऊन गेलो. रिसेप्शनवर म्हटलं, "मला 'सु' सिस्टरांना भेटायचंय."

"सुनीता, सुरेखा, सुवर्णा की सुषमा?" ती म्हणाली. "आणि ब्रदर सुधीर पण आहेत."

जमेल तेवढ्यांना तिने बोलावून आणलं. साध्या कपड्यांतल्या, मास्क लावलेल्या चार बायका माझ्यासमोर उभ्या. सगळ्याच बुटक्या, सगळ्याच दमलेल्या. मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, "चेहरा नाही पाहिला. आवाज ओळखीन." मग एकेकीने फोन हातात घेतला आणि सांगितलं, "आजोबा, पालथे झोपा." बाकीच्या हसत होत्या. मी अण्णांच्या उत्तराची वाट बघत होतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "सगळ्या तिच्यासारख्याच बोलतात रे."

"दोघीतिघी कंत्राटावर होत्या," त्यातली एक म्हणाली. "लाट ओसरल्यावर गेल्या. त्यांतलीच असेल कोणी."

पेढे सगळ्यांना दिले. एकीने दोन घेतले, एक पदराआड ठेवला. ब्रदर सुधीरनी तीन घेतले.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. अण्णा बरे आहेत. माझा रक्तदाब अजून दवाखान्यात एकशेपंचावन्न आहे. फरक झालाय तो काउंटरवर. पूर्वी मी स्लिप बघायचो, सही बघायचो आणि शिक्का मारायचो, त्या चित्रातल्या कारकुनासारखा. आता पैसे काढायच्या स्लिपवर नाव 'सु'पासून सुरू झालं की मान आपोआप वर होते. कोण जाणे, हीच असेल. सही जुळली नाही तर 'घरी जाऊन पुन्हा करून आणा' म्हणत नाही. पेन पुढे करतो, खुर्ची दाखवतो, म्हणतो, "बसा, सावकाश करा."

परवा हेडकॅशियर म्हणाले, "काय हो, अलीकडे तुमच्या काउंटरची लाइन फार हळू सरकते!"

मी म्हटलं, "साहेब, आपल्या शाखेत सुनीता-सुरेखा फार झाल्यात."